तालमीतला खोकला

माणूस बरा व्हायला लागला की आमची काळजी सुरू व्हायची. वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण क्षयाच्या रोग्यांमध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांना विचारा. खोकून बेजार झालेला माणूस औषधाला कधी नाही म्हणत नाही. पण दोन-अडीच महिने गेले की खोकला थांबतो, अंथरूण भिजवणारा घाम जातो, भाकरी गोड लागायला लागते. बायको म्हणते, आता कसं तोंडावर तेज आलं बघा. मग तो मनाशी ठरवून टाकतो की आपण बरे झालो, आणि दवाखान्याची वाट सोडतो. छातीत उरलेले जंतू मात्र तिथंच असतात. असा माणूस वर्षभरानं परत यायचा तेव्हा तेच औषध त्याला लागू पडायचं नाही, आणि दुसरं औषध आमच्यापाशी नसायचं.

मी सांगतेय ते बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडच्या-पलीकडच्या वर्षांचं. त्या काळी क्षयाचं औषध दीड वर्ष घ्यावं लागे. पहिले दोन-तीन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि सोबत गोळ्या, पुढं नुसत्या गोळ्या. इंजेक्शन दुखायचं फार. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळून घ्यायची, सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची, कुपीतल्या पावडरीत पाणी घालून ती हलवत बसायचं. माझं घर संगमनेरचं. नर्सचा कोर्स संपवून पहिली नेमणूक मिळाली ती श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची लेकरं-नातवंडं तिथं नांदताहेत. माणसांची नावंही बदलली आहेत.

दवाखान्यात येणारे तरी किती तऱ्हेचे. मुंबईच्या गिरणीतून छाती घेऊन परत आलेले पुरुष असायचे. सुना तोंडावर पदर ओढून माहेरच्या माणसांबरोबर यायच्या. त्यांतल्या काही बऱ्या होऊन नांदायला गेल्या, काहींना सासरनं परत घेतलंच नाही. औषध पुरं करून, थुंकी स्वच्छ होऊनही त्या माहेरच्या ओसरीवरच राहिल्या. एक म्हातारी होती, ती तिच्या निम्म्या गोळ्या जावयाला देत असे. जावई खोकत होता, आणि जावयाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, असं तिचं म्हणणं. एक गुरुजी शेवटपर्यंत आपल्या रोगाला दमाच म्हणत राहिले. मीही म्हणायचे, "गुरुजी, दम्याच्या गोळ्या घेतल्या का?" त्यांनी एकही चुकवली नाही. नावाशी आमचं भांडण नव्हतं.

पण माझा सगळ्यांत जास्त जीव जडला तो सोपान पैलवानावर आणि त्याच्या वस्तादांवर.

काष्टीच्या बाजारचा दिवस होता. बाजार करून परतणाऱ्यांची दवाखान्यात गर्दी. ती ओसरल्यावर दारातून एक माणूस आत आला तो जवळजवळ वाकूनच, इतका उंच. कान कुस्तीगिरांचे असतात तसे चुरगळलेले. हातात थुंकीची डबी. ही डबी आदल्या दिवशी कुणीतरी दवाखान्यातून नेली होती.

"ही पाव्हण्याची हाय," तो म्हणाला. "मामाचा पोरगा लागतो. लांब ऱ्हातो."

डॉक्टरसाहेबांनी थुंकीची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. साहेब वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील, पण घाई कधी करायचे नाहीत. त्यांनी मला बोलावून दाखवलं. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या विखुरलेल्या दिसत होत्या. क्षयाचे जंतू असेच दिसतात.

मी बाहेर येऊन विचारलं, "पाहुण्याला रात्री घाम येतो का?"

"येतो."

"वजन उतरलंय?"

त्यानं खाली पाहिलं. अंगातला सदरा पूर्वी कधीतरी घट्ट बसत असणार, आता खांद्यावरून लोंबत होता.

"लई उतारलंय, बाई," तो म्हणाला. "पाव्हण्याला वाचवा."

मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. रोज इंजेक्शन, दीड वर्ष गोळ्या, आणि खोकताना तोंडावर फडकं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "इंजेक्शन माज्याकडं द्या, मी पोचवतो." इंजेक्शन पोचवता येत नाही म्हटल्यावर हळूच बोलला, "गावात कळलं तर तालमीत कोन घेनार मला? पैलवानाला क्षय! लोकं हसतील. म्हनतील, बदाम खाऊन हाडकं झाली."

मी शब्द दिला की माझ्याकडून कुणाला कळणार नाही. ठरलं असं की त्यानं उजाडता उजाडता, दवाखाना उघडायच्या आधी, मागच्या दारानं यायचं.

आला. पण सुई पाहिल्यावर त्या धिप्पाड माणसाचा चेहरा पांढरा पडला. ज्यानं हगाम्यात, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांत, भल्याभल्यांना आसमान दाखवलं होतं, तो खुर्चीचा हात धरून उभा राहिला. त्यात बाईमाणसासमोर कमरेवरचं धोतर सैल करायचं म्हणजे लाजेनं मेल्यासारखं. मी म्हटलं, "पैलवान, अंग ढिलं सोडा, नाहीतर सुई मोडेल."

"ढिलं सोडायला वस्तादानं शिकीवलंच न्हाई, बाई."

खरोखरच पहिल्या दिवशी सुई वाकली. दुसरी घ्यावी लागली. पण तो रोज आला. थंडीच्या दिवसांत धुक्यातून अंगावर घोंगडी घेऊन यायचा, स्टोव्हपाशी हात शेकायचा, तालमीच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला वस्ताद. वस्तादांनी हे शिकवलं, वस्ताद असं म्हणतात. दगडू वस्ताद म्हणजे गावचे जुने नावाजलेले मल्ल. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तालमीच्याच एका खोलीत राहायचे आणि आसपासच्या गावची पोरं त्यांच्याजवळ राहून, झोपून, जेवून कुस्ती शिकायची. सोपान दहा-बारा वर्षांचा असताना वडील गेल्यावर तिथं गेला तो तिथलाच झाला होता.

माघ संपेपर्यंत सोपानचा खोकला थांबला. गाल भरले. वजनकाट्यावर उभा राहून तो लहान मुलासारखा हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चैत्रात गावची जत्रा होती आणि कर्जतकडच्या एका नामांकित पैलवानाशी त्याची जोड, म्हणजे कुस्ती, ठरायच्या गोष्टी चालल्या होत्या. एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी कळलं की पैलवान पुन्हा तालमीत घुमायला, म्हणजे कुस्तीचा सराव करायला लागलाय.

मी गेले. तालीम मारुतीच्या देवळाला लागून, दगडी भिंतींची, एकच ठेंगणं दार आणि वर हातभर झरोका. बाईनं तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे मला माहीत होतं, म्हणून बाहेरच उभी राहिले. आत मातीचा आणि घामाचा वास, दंडावर थापा मारल्याचे आवाज. उजेड नाही, वारा नाही. मला धडकी भरली. क्षयाच्या जंतूला ऊन आणि वारा सोसत नाही. असली बंद खोली त्याला फार मानवते.

वस्ताद बाहेर आले. डोईला पटका, अंगात बंडी, म्हातारपणातही पाठ ताठ.

"काय बाई? हिकडं कुनीकडं?"

"सोपानचं इंजेक्शन राहिलंय."

"कसलं इंजेक्शन?"

शब्द दिलेला होता. मला पटकन दुसरं काही सुचेना. "ताकदीचं," मी म्हणाले.

"आस्सं!" वस्तादांच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे सरकार ताकदीची इंजेक्शनं देतंय आनि ह्यो बिलंदर एकटाच जाऊन घेऊन येतोय! बाकीच्या पोरांनी काय पाप केलं?" आणि बोलता बोलता ते खोकले.

तो खोकला मी ओळखला. खोलवरचा, ओला, आणि खोकणाऱ्याला त्याची इतकी सवय झालेली की मध्येच खोकून ते वाक्य जिथं तुटलं तिथूनच पुढं बोलू लागले. मी विचारलं, "वस्ताद, हा खोकला कधीपासून?"

"ह्यो व्हय? ह्यो तमाखूचा. बरीच वर्सं झाली. त्येचं काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर तालमीतल्या सगळ्या पोरांची रांग उभी होती. पुढं दगडू वस्ताद, आणि त्यांनी दंडाला धरून आणलेला सोपान. "वाढा ह्यास्नी ताकदीची इंजेक्शनं," वस्ताद म्हणाले. सोपान माझ्याकडं बघेना.

मी डॉक्टरसाहेबांना आत नेऊन सगळं सांगितलं. साहेब आधी हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "यापेक्षा चांगली संधी मिळायची नाही," ते म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की इंजेक्शन द्यायच्या आधी प्रत्येकाची छाती तपासावी लागेल आणि थुंकी द्यावी लागेल. पोरांनी एकमेकांकडं पाहून नाकं मुरडली. मी वस्तादांच्या हातात डबी दिली.

"मला म्हाताऱ्याला कशाला आता ताकद?"

"तुम्ही आधी दिलीत तर पोरं लाजणार नाहीत."

वस्तादांनी पोरांना धडा द्यायचा म्हणून सगळ्यांसमोर छाती भरून खाकरून डबीत थुंकी टाकली. पोरांनी त्यांच्यामागून आपापल्या डब्या भरल्या. सगळ्यांना आम्ही दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

पोरांच्या काचा स्वच्छ निघाल्या. एकाची थुंकी नीट आली नव्हती, ती पुन्हा घ्यायची ठरली. वस्तादांच्या काचेवर मात्र लाल काड्या मोजण्यापलीकडे होत्या. साहेबांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "म्हणजे तिथून आला," एवढंच म्हणाले.

हे आमच्या कामातलं नेहमीचं. घरात तरणी सून किंवा पोरगा आजारी पडतो, आणि मूळ शोधत गेलं की कोपऱ्यात बरीच वर्षं खोकणारं, सगळ्यांचं लाडकं, वडीलधारं माणूस सापडतं. त्यानं कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. नातवंडांना कुशीत घेऊन झोपवलेलं असतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वस्तादांना खोलीत बोलावलं. सोपान दारापाशी उभा राहिला. साहेबांनी रोगाचं नाव सरळ सांगितलं. वस्तादांनी पहिला प्रश्न विचारला तो हा :

"पोरं?"

"पोरांच्या थुंकीत काही नाही."

"समद्यांच्या?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. शब्द माझा होता, मला बोलता येईना. तेवढ्यात दारातून सोपान म्हणाला, "वस्ताद, मला हाय. ते ताकदीचं इंजेक्शन न्हवतं. त्येचंच हुतं."

मग वस्तादांनी अगदी बारीक आवाजात साहेबांना विचारलं, "माज्याकडनं गेलं का त्येला?"

"हवेतून लागतो, वस्ताद. कुणाकडून कुणाला हे खात्रीनं सांगता येत नाही."

"मला सांगा की. मी न्हाई रडनार."

"असू शकेल," साहेब म्हणाले.

वस्तादांनी सोपानकडं हात केला. "हिकडं ये." सोपान दोन पावलं पुढं आला, आणि लगेच वस्ताद मागं सरकले. पटक्याचा शेव तोंडावर धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला दूरच थांब अशी खूण केली. माझ्या नोकरीत मी मरणं बरीच पाहिली, पण दूर थांब म्हणणारा तो हात अजून आठवतो.

त्याच संध्याकाळी वस्तादांनी पोरांना तालमीबाहेर, उघड्यावर बसवलं आणि स्वतः लांब उभं राहून सांगितलं, "मला क्षय झालाय. औषिध चालू हाय. आजपासनं मी तालमीत पाऊल ठेवनार न्हाई. तुमी झरोके मोठे करा, दार उघडं ठेवा." ते मळ्यातल्या छपरात राहायला गेले. आणि रोज सकाळी दवाखान्यात येऊ लागले, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. मग सोपानही मागच्या दारानं येईना झाला. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायचे. जत्रेतली जोड सोपाननं स्वतः जाऊन मोडली. कारण विचारलं तर खरं ते सांगितलं.

गावानं जे करायचं ते केलं. निम्म्या पोरांचे बाप येऊन पोरं घेऊन गेले. ज्याची थुंकी पुन्हा घ्यायची होती, त्यालाही त्याच्या वडलांनी मराठवाड्यात बहिणीकडं धाडलं. मी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले. "पोरगं ठणठणीत हाय, बाई," असं मला सांगितलं. दोन वर्षांनी कानावर आलं की ते खोकून खोकून गेलं. सोपानची गोष्ट मी सांगते तेव्हा लोक आनंदानं ऐकतात. तिच्याच पोटात ही दुसरी गोष्ट आहे, ती मला गाळता येत नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरींना तळ दिसला, गुरं छावणीत गेली, माणसं दुष्काळी कामावर. सोपान पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. क्षयाच्या माणसानं दगडाच्या धुरळ्यात बसू नये, हे मला कळत होतं, पण घरी बसून काय खा म्हणून सांगणार? साहेबांनी मुकादमाला भेटून त्याला खडी फोडण्याऐवजी माती वाहायला लावलं. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. त्याच्या वाट्याला आली लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, पिठाचा कोरडा खाऊ. गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळायचं. तो गोळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दुपारी सुकडीबरोबर घ्यायचा. मी कधी कामावर चक्कर टाकली तर लांबूनच जीभ बाहेर काढून दाखवायचा, की बघा, गिळली. बाजूच्या बाया हसायच्या.

दवाखान्याची विहीरही आटली. सिरिंज उकळायला पाणी हवं, आणि टँकर कधी यायचा, कधी नाही. तेव्हा तालमीतली उरलेली पोरं आळीपाळीनं मैलभरावरून कळशी आणून द्यायची. वस्तादांची इंजेक्शनं तोवर थांबली होती, तरी "वस्तादांच्या सुईला पानी" असंच ओरडत यायची. त्या पाण्यावर आम्ही गावच्या सगळ्या रोग्यांच्या सुया उकळल्या.

वस्तादांना मात्र औषधानं वेगळाच दणका दिला होता. दुसऱ्या महिन्यातच ते म्हणाले, "बाई, कानात भुंगा शिरल्यागत वाटतंय." मग चालताना झोक जाऊ लागला. स्ट्रेप्टोमायसिन काहींच्या कानाला बाधतं आणि कानातच माणसाचा तोल असतो. म्हाताऱ्यांना जास्त बाधतं. साहेबांनी ताबडतोब इंजेक्शन थांबवलं, औषध बदललं. पण गेलेला तोल परत आला नाही. जन्मभर ज्यानं पोरांना पाय कसे रोवायचे ते शिकवलं, तो माणूस भिंत धरून चालू लागला. कधी थेंबाला शिवले नव्हते, तरी परगावचे लोक त्यांना पिऊन आलेत म्हणायचे. मी एकदा हळहळले तर म्हणाले, "तोल गेला तर गेला. खोकला ऱ्हायला असता तर अजून किती पोरं गेली असती?"

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मग हगाम्याचं निवांत सांगता येईल. दोघांनीही औषध पुरं केलं. दोघांच्या थुंकीच्या काचा निळ्या निघाल्या, नुसत्या निळ्या. पाऊस परत आला, पोरं परत आली. तालमीच्या भिंतीला दोन खिडक्या पाडल्या. सोपानचं लग्न झालं, पुढं तालीम त्यानंच चालवली. वस्ताद नंतर बरीच वर्षं जगले आणि गेले ते म्हातारपणानं. माझी बदली झाली, लग्न झालं, नोकरी संपली. क्षयाचं औषध आता सहा महिन्यांवर आलंय आणि ते अर्ध्यावर सोडणारी माणसं अजून तशीच आहेत.

तर हगामा. दुष्काळ सरल्यानंतरच्या चैत्रात जत्रा पुन्हा पहिल्यासारखी भरली, आणि सोपाननं कर्जतच्या त्याच पैलवानाशी जोड धरली. बायका कुस्त्या बघायला जात नसत. पण वस्तादांनी बैलगाडी पाठवली, "बाईंना घिऊन या" म्हणून. मैदानाच्या कडेला, गर्दीपासून जरा बाजूला उंचवट्यावर गाडी सोडलेली, त्यात वस्ताद बसलेले. मैदानाकडं पाठ करून.

"हे काय वस्ताद? बघत नाही?"

"ती अंगं गरगर फिरताना बघितली की भोवळ येतीया. वकायला हुतं. म्हनून तर तुमाला बोलावलं. तुमी बघा आनि मला सांगा."

"मला कुस्तीतलं काय कळतंय?"

"दिसंल ते सांगा. मानसाचं अंग तुमाला म्हाईत हाय की."

हलगी कडाडली. दोघं मैदानात उतरले. मी सांगायला लागले. "सोपाननं त्याच्या मानेवर हात टाकलाय. दोघंही डोकं डोक्याला लावून उभे आहेत. आता सोपान मान वर ठेवूनच खाली वाकला, त्याचा डावा गुडघा धरलाय."

"पट काढतोय. फुडं?"

"तो निसटला."

"निसटनारच. घाई केली भडव्यानं." मग माझ्याकडं हात जोडून, "माफ करा बाई. फुडं?"

बराच वेळ असंच चाललं. मी गुडघा, मनगट, बरगडी असं सांगायचे आणि वस्ताद डोळे मिटून त्यावरून डाव ओळखायचे. मग सोपान खाली आला. हात पसरून पालथा पडला, दुसरा त्याच्या कमरेला मिठी घालून वर बसला. मी तसं सांगितलं. वस्तादांनी गाडीचा कठडा घट्ट धरला.

"दम लागलाय का त्येला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दम, दम. खोकतोय का बघा."

मी नीट पाहिलं. मातीनं माखलेल्या त्याच्या बरगड्या वर-खाली होत होत्या. वरच्या पैलवानाच्याही तशाच होत होत्या. "दम लागलाय, पण दोघांना सारखाच," मी म्हणाले. "खोकत नाही."

"नक्की?"

"नक्की, वस्ताद."

त्यांचा हात सुटला. "मग पडला तरी चालंल," ते म्हणाले.

आणि तो पडलाच. कर्जतवाल्यानं त्याला असा काही उलटवला की कसा ते मला सांगताच आलं नाही. एकदम आरोळी उठली. "पडला, वस्ताद," मी म्हणाले, आणि मला वाटलं आता म्हाताऱ्याला सांभाळावं लागेल. वस्ताद गाडीच्या चाकाला धरून खाली उतरले आणि तसेच उभे राहिले.

सोपान गर्दीतून आला. अंगभर लाल माती, कपाळाला खरचटलेलं. पायाला हात लावायला वाकला, तेवढ्यात वस्तादांनी त्याचा कान धरला.

"पट काढताना मान कुटं हुती तुजी? आं? गाढवा, किती येळा सांगितलं, मान आत घ्यायची म्हनून! माजं सोड, ह्या नर्सबाईला दिसलं तुजं चुकलेलं!"

"चुकलं, वस्ताद."

"चुकलं म्हनं! आनि खाली आल्यावर हात कशाला पसरलास? मिठी मारायची हुती का त्येला?"

मी बघत राहिले. इतके दिवस आम्ही तिघं भेटलो की बोलणं छातीचं, गोळ्यांचं, भुकेचं. त्या दिवशी कुणी त्यातलं काही काढलं नाही. गाडी जुंपली, आम्ही निघालो. गाव येईपर्यंत वस्ताद त्याला शिव्या देत होते, आणि सोपान अंगावरची माती न झटकता, मान खाली घालून हसत होता.